रानातल्या मरणाचा तपास कोणी करायचा?

रानात एकाच वेळी बरेच प्राणी मेले की बातमीत एक वाक्य हमखास असतं : ‘नमुने प्रयोगशाळेत पाठवले असून अहवालाची प्रतीक्षा आहे.’ वाचणाऱ्याला हायसं वाटतं. कुणीतरी शास्त्रशुद्ध काम हाती घेतलंय, आता कारण कळेलच. पण तो अहवाल कधी आला, त्यात काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. अनेकदा त्यात एवढंच असतं, की नमुने कुजलेले होते, तपासणी होऊ शकली नाही. किंवा ज्या दोन रोगांची चाचणी मागितली होती ती केली, दोन्ही आढळले नाहीत. प्रकरण फायलीत जातं आणि पुढच्या मोसमात त्याच पाणवठ्यावर पुन्हा मृतदेह दिसले की सगळं पहिल्यापासून.

यात दोष प्रयोगशाळेचा नसतो. दारात जे येतं त्याचंच उत्तर प्रयोगशाळा देऊ शकते. काय पाठवायचं, शरीराच्या कुठल्या भागातून काढायचं आणि नेमका कोणता प्रश्न विचारायचा, हे मृतदेहाजवळ ठरतं, पहिल्या काही तासांत. त्या वेळी तिथे जो उभा असतो त्याला हे काम बहुधा कुणी शिकवलेलंच नसतं. यंत्रांवर पैसा खर्च करायला सरकारं आणि देणगीदार तयार असतात, कारण यंत्राचं उद्घाटन करता येतं. माणूस घडायला काही वर्षं जातात आणि तो घडला हे दाखवायला फीत कापता येत नाही. माझा आग्रह एवढाच आहे, की वन्यप्राण्यांच्या रोगांचा तपास हा स्वतंत्र पेशा मानला पाहिजे. त्याचं जाणत्याच्या हाताखाली राहून घ्यायचं प्रशिक्षण हवं, आणि ते घेतलेल्या माणसाला पद व अधिकार दोन्ही हवेत.

गिधाडांचं उदाहरण पाहा. १९९०च्या दशकात दक्षिण आशियातली गिधाडं झपाट्याने नाहीशी होऊ लागली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ही घट नोंदवली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या पुढे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. एवढ्या मोठ्या भूभागावर, इतक्या वेगाने एक पक्षी संपतोय म्हटल्यावर पहिला संशय साहजिकच एखाद्या नव्या विषाणूवर गेला. पाकिस्तानात पशुवैद्यक आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडं उघडून पाहत होते. बहुतेकांच्या आतल्या अवयवांवर पांढरा, खडूच्या भुकटीसारखा थर होता. ते युरिक आम्लाचे स्फटिक होते. मूत्रपिंडं निकामी झाली की पक्ष्याच्या शरीरात हे असं साचतं. मग एकेक शक्यता तपासली गेली. विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशकं यांपैकी काहीच सापडेना.

बहुतेक तपास इथे थांबतात. ‘सर्व चाचण्या नकारार्थी’ असं लिहून सही करायची सोय असते. या चमूने मात्र प्रश्न बदलला. गिधाड काय खातं? मेलेली गुरं. मग त्या गुरांच्या अंगात मरण्यापूर्वी काय गेलं होतं? ते गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे गेले. मूत्रपिंडाला घातक ठरू शकेल आणि पोटात गेलं तरी अंगात भिनेल असं कोणतं औषध गुरांना सर्रास दिलं जातं, याची त्यांनी चौकशी केली. उत्तर आलं डायक्लोफेनॅक, म्हणजे साधं वेदनाशामक. मग जपून ठेवलेले नमुने पुन्हा काढले गेले. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत या औषधाचे अंश सापडले, आणि इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. औषध दिलेल्या जनावराचं मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातल्यावर तसाच आजार झाला. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली.

या गोष्टीतला निर्णायक क्षण औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर घडला. रसायनाचे अंश मोजणारं यंत्र लागलंच, पण त्याला काय शोधायचं हे सांगणारा माणूस आधी लागला. आणि ते सांगता आलं कारण त्या माणसांना शवविच्छेदन येत होतं, पक्ष्याचा आहार ठाऊक होता, गुरांच्या औषधोपचाराची कल्पना होती आणि ‘आजारी’ व ‘आजारी नसलेले’ असे दोन गट करून तुलना करण्याची साथरोगशास्त्राची शिस्त अंगी होती. ही चार अंगं चार विभागांत वाटली गेली असती, तर उत्तर कुठल्याच टेबलावर आलं नसतं. मेलेल्या गिधाडांचे अवयव जपून ठेवण्याची शिस्त नसती तर परत तपासायला काही उरलंच नसतं, हेही विसरता कामा नये.

पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात, मग वेगळं प्रशिक्षण कशाला, असा प्रश्न येतोच. पशुवैद्यकाचं शिक्षण मुख्यतः गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा, मांजर यांच्याभोवती फिरतं आणि ते तसंच असायला हवं. पण त्यात रुग्णाला कुणीतरी आणतं, कधीपासून खात नाही हे सांगतं, उपचार केले की दुसऱ्या दिवशी परत आणतं. रानात हे काहीच नसतं. रुग्ण मेलेला आहे, कधी मेला माहीत नाही, आधी कसा वागत होता माहीत नाही, त्याच्या जातीच्या निरोगी प्राण्याचं यकृत केवढं असतं हेही बऱ्याचदा माहीत नाही. किती मेले याचा आकडा मिळतो, पण एकूण किती होते हा आकडा नसतो, म्हणून प्रमाण काढता येत नाही. जे मेले नाहीत त्यांच्याकडे तर कुणाचं लक्षच जात नाही, आणि खरा धागा कित्येकदा तिथेच असतो.

न्यूयॉर्कमध्ये १९९९च्या उन्हाळ्यात हेच झालं. क्वीन्स भागात माणसांना मेंदूज्वर होऊ लागला. निदान झालं सेंट लुइस एन्सेफलायटिस, म्हणजे डासांमुळे पसरणारा एक विषाणूजन्य मेंदूज्वर. त्याच सुमारास शहरात कावळे मरून पडत होते आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले पक्षीही. तिथल्या विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) ट्रेसी मॅकनमारा यांना हे जुळेना. सेंट लुइसच्या विषाणूने पक्षी सहसा मरत नाहीत. दुसरा संशय घोड्यांच्या मेंदूज्वराचा घ्यावा, तर त्याला सहज बळी पडणारे एमू त्यांच्याच संग्रहालयात ठणठणीत होते. म्हणजे हे तिसरंच काहीतरी आहे, असं त्या आग्रहाने सांगत राहिल्या. शेवटी तो वेस्ट नाइल विषाणू निघाला. पश्चिम गोलार्धात तो त्याआधी कधीच आढळला नव्हता. जिवंत एमूंनी दिलेला पुरावा वाचता येणं हे प्रशिक्षण आहे. आणि मानवी आरोग्याच्या यंत्रणेला प्राणिसंग्रहालयातल्या डॉक्टरचं ऐकायची सवय नसणं, हेही प्रशिक्षणाच्याच अभावाचं एक रूप आहे.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते थोडं जवळून बघू. रानात एक मोठा तृणभक्षी मरून पडलाय, पोट फुगलंय, नाकातून आणि गुदद्वारातून काळसर, न गोठलेलं रक्त आलंय. न शिकलेला हात सुरी काढतो. शिकलेला हात तिथेच थांबतो, कारण हा अँथ्रॅक्स असू शकतो आणि अँथ्रॅक्सचा संशय असेल तर मृतदेह उघडायचा नसतो. हवेचा संपर्क आला की त्या जिवाणूचे बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक वर्षं टिकतात. एक सुरी चालवली की ती जागा पुढच्या पिढ्यांसाठी दूषित होते. अशा वेळी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टीवर पसरायचं, रंगवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि मगच पुढचं ठरवायचं. दुसरीकडे, अँथ्रॅक्स नाही हे कळल्यावर घाबरून मृतदेह न उघडताच जाळून टाकणं ही तितकीच मोठी चूक. जाळलं की पुरावाही गेला.

उघडल्यावर तरी काय? फॉर्मालिन या नमुने टिकवणाऱ्या द्रवाच्या बाटलीत यकृताचा मुठीएवढा गोळा टाकलेला असतो. बाहेरून टिकल्यासारखा दिसतो, आतून सडलेला. फॉर्मालिन आतपर्यंत पोचायला तुकडा साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीचा हवा आणि द्रव तुकड्याच्या दहापट. जो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तो गोठवायचा नाही, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. आणि ज्याच्यातून विषाणू शोधायचा तो फॉर्मालिनमध्ये टाकायचा नाही. विषबाधेसाठी पोटातलं अन्न वेगळं ठेवायचं. बांधवगडमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये दहा हत्ती दगावले तेव्हा पोटात कोदो हे भरडधान्य मोठ्या प्रमाणात आढळलं, आणि बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या तपासणीत नमुन्यांमध्ये सायक्लोपियाझोनिक आम्ल हे बुरशीजन्य विष निघालं. कुणीतरी मुद्दाम विष घातलं असेल या चर्चेला त्यामुळे पुराव्याने उत्तर देता आलं. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, कारण शाई रसायनात विरघळते. हे सगळं पुस्तकात दोन पानांत मावतं. उन्हात, माश्यांच्या घोंगावण्यात, आजूबाजूला गर्दी आणि वरिष्ठांचे फोन चालू असताना ते चुकू न देणं मात्र पुस्तकातून येत नाही.

म्हणूनच तीन दिवसांच्या कार्यशाळांवर माझा विश्वास नाही. जागतिक पशुआरोग्य संघटना सदस्य देशांच्या वन्यजीव प्रतिनिधींसाठी कार्यशाळा घेते. त्यांतून ओळखी होतात, परिभाषा एक होते, हा फायदा खराच. पण पडद्यावरच्या चित्रांतून शवविच्छेदन शिकलेल्या माणसाला पहिला खरा मृतदेह एकट्याने हाताळायला लावणं अन्यायाचं आहे, त्याच्यावरही आणि त्या प्राण्याच्या जातीवरही. मानवी आरोग्याने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. अमेरिकेत अलेक्झांडर लँगमुर यांनी १९५१ मध्ये साथरोग तपासनीस घडवणारी सेवा उभी केली. दोन वर्षं पगारावर, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, खऱ्या साथींमध्ये काम करत शिकायचं. त्या धर्तीवरचे कार्यक्रम पुढे अनेक देशांत सुरू झाले आणि थायलंडमध्ये पशुवैद्यकांसाठीही तसा अभ्यासक्रम उभा राहिला. वन्यजीवांसाठी हाच साचा घ्यावा. वर्गात थोडे आठवडे, उरलेला सगळा काळ रानात, शवागारात आणि प्रयोगशाळेत. प्रयोगशाळेत मुद्दाम, कारण आपण पाठवलेला खराब नमुना दुसऱ्या टोकाला कसा दिसतो हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा तसा पाठवत नाही.

आणि दोन वर्षांत एक गोष्ट तरी मुरायला हवी : जंतू सापडला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. कझाकस्तानात मे २०१५ मध्ये तीन आठवड्यांच्या आत दोन लाखांहून अधिक सायगा हरणं मेली. पिल्लं देण्यासाठी जमलेले कळपच्या कळप आडवे झाले. सुदैवाने सायगांच्या विणीचा अभ्यास करणारा एक चमू त्याच वेळी तिथे होता, म्हणून ताजे नमुने मिळाले. जिवाणू निघाला पाश्चुरेला, गुरांमधल्या घटसर्पाचा. पण तो निरोगी सायगांच्या घशातही निमूट राहत असतो. मग त्याच दिवसांत तो का उसळला? अभ्यासकांनी हवामानाच्या नोंदी काढल्या तेव्हा आधीच्या दहा दिवसांतली दमट आणि उबदार हवा नेहमीपेक्षा वेगळी होती, आणि १९८१ व १९८८च्या मोठ्या मृत्युसत्रांआधीही तसंच होतं. ‘पाश्चुरेला आढळला’ एवढ्यावर तपास मिटवला असता तर हे कधीच कळलं नसतं. याउलट २०२० मध्ये बोत्स्वानात तीनशेहून अधिक हत्ती मेले, तेव्हा सरकारने पाण्यातल्या सायनोबॅक्टेरियाच्या, म्हणजे शेवाळासारख्या वाढणाऱ्या जिवाणूंच्या विषाला कारण ठरवलं. पण तोवर बराच काळ गेला होता, ताजे नमुने थोडे होते आणि त्या निष्कर्षावर अभ्यासकांनी शंका घेतल्या. दोन्हीकडे दुर्घटना मोठीच होती. फरक पडला तो ‘योग्य माणूस वेळेवर तिथे होता का’ याने.

सगळीकडे तज्ज्ञ उभा करता येणार नाही, हे मान्य. म्हणून प्रशिक्षणाचा पाया खूप खालून सुरू व्हायला हवा. मृतदेह पहिल्यांदा दिसतो तो वनरक्षकाला, गुराख्याला, मासेमाराला, शिकाऱ्याला. गॅबन आणि काँगोमध्ये २००१ ते २००३ दरम्यान इबोलाच्या साथी आल्या, तेव्हा गोरिला, चिंपांझी आणि लहान हरणांच्या मृतदेहांची खबर गोळा करणारं जाळं उभारलं गेलं. माणसांत साथ पसरण्याआधी रानात प्राणी मरत होते, हे त्यातून दिसलं. पश्चिम घाटात १९५७ मध्ये क्यासनूरच्या जंगलातल्या माकडांच्या मृत्यूंनी आणि त्याच काळात आजारी पडलेल्या गावकऱ्यांनीच एका नव्या, गोचिडीने पसरणाऱ्या विषाणूपर्यंत पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला नेलं. वनरक्षकाला शवविच्छेदन शिकवायची गरज नाही. हात लावायचा नाही, लांबून चारही बाजूंनी फोटो काढायचे, जागा आणि वेळ नोंदवायची, आसपास आणखी कोण मेलंय आणि कोण नाही ते पाहायचं, कुणाला फोन करायचा ते पाठ असायचं, एवढं पुरे. पण हे एवढंसुद्धा एकदा सांगून चालत नाही, दरवर्षी उजळणी लागते.

इथे एक अडचण आहे, आणि कुठलाही अभ्यासक्रम आखताना ती लपवू नये. मेलेला प्राणी कळवणाऱ्याचं अनेक ठिकाणी नुकसानच होतं. तुझ्या हद्दीत प्राणी मेलाच कसा, अशी पहिली विचारणा त्याच्याकडेच होते. पर्यटन बंद पडेल म्हणून वरचे लोक नाराज होतात. गुरांचा रोग निघाला तर निर्यात थांबण्याची भीती. कळवून त्रास आणि न कळवून शांतता, असा हिशोब असेल तर सर्वोत्तम प्रशिक्षण घेतलेला माणूसही दुसरीकडे बघेल. लोकांना नीट सांगितलं नाही तर उलटंही होतं. ब्राझीलमध्ये २०१७च्या सुमारास पीतज्वराची साथ असताना भीतीपोटी माकडं मारली गेली. वस्तुतः तिथली हाउलर माकडं स्वतःच पीतज्वराने पटापट मरतात. त्यांचं मरण हीच आरोग्यखात्याला मिळणारी पहिली सूचना असते आणि माकडं मेल्याची नोंद करण्याची पद्धत त्या देशात त्यासाठीच आहे. माकडं मारणाऱ्यांनी आपलाच पहारेकरी मारला. तेव्हा लोकांशी आणि पत्रकारांशी काय बोलायचं, किती बोलायचं, अजून कळलेलं नाही हे कसं सांगायचं, हा या प्रशिक्षणाचा अर्धा भाग असला पाहिजे. तो शेवटच्या दिवशी दुपारच्या सत्रात उरकण्याचा विषय नव्हे.

रानातले प्राणी मरतात, निसर्ग आपलं बघून घेईल, आधी माणसांचे दवाखाने तर धड चालवा, असंही म्हटलं जातं. या म्हणण्यातली कळकळ मला समजते. पण बेडकांचं काय झालं ते पाहावं. जगाच्या अनेक भागांतून बेडूक नाहीसे होत होते आणि बराच काळ कारण सापडत नव्हतं. १९९८-९९ मध्ये त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी ओळखली गेली. प्राणिसंग्रहालयातल्या विकृतिशास्त्रज्ञांनी त्वचेत काहीतरी अनोळखी पाहिलं आणि ते काय असावं हे जॉइस लाँगकोर या बुरशीतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. तोवर ती खंडाखंडांत पोचली होती. २०१९च्या एका जागतिक आढाव्याने किमान ५०१ उभयचर जातींच्या घसरणीशी तिचा संबंध जोडला. त्यांपैकी ९० जाती बहुधा कायमच्या गेल्या. हे ‘आपलं आपण बघून घेणं’ नव्हतं. त्या बुरशीच्या प्रसारात माणसाने चालवलेल्या प्राण्यांच्या व्यापाराचा हात होता. माणूस ज्यात ढवळाढवळ करतो त्याची चौकशीही माणसानेच करायला हवी. गेलेल्या ९० जातींबद्दल मला नुसती हळहळ वाटत नाही, राग येतो.

संस्था बहुधा मोठ्या आपत्तीनंतरच उभ्या राहतात. अमेरिकेत जानेवारी १९७३ मध्ये साउथ डकोटातल्या लेक अँडीजवर बदकांच्या प्लेगने ४० हजारांहून अधिक पाणपक्षी मेले, आणि १९७५ मध्ये मॅडिसन इथे वन्यजीव आरोग्याचं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. तिथे विकृतिशास्त्रज्ञ, विषाणूतज्ज्ञ, पक्षीअभ्यासक आणि साथरोगतज्ज्ञ एका छताखाली पूर्णवेळ काम करत आले. पूर्णवेळ हा शब्द महत्त्वाचा. बहुतेक देशांत हे काम गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांवर अतिरिक्त कार्यभार म्हणून येतं. लसीकरण सोडून ते रानात जातात, संध्याकाळी परततात, अहवाल लिहायला वेळ मिळत नाही. ज्यांनी स्वतःच्या खर्चाने परदेशी जाऊन हे शास्त्र शिकून घेतलं, ते परत आल्यावर त्यांच्यासाठी पदच नसतं. काही वर्षं कंत्राटावर काढून ते पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात जातात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

त्यामुळे कुठल्याही सरकारने वन्यजीव रोगतपासाचं नवं केंद्र जाहीर केलं, की इमारत केवढी आणि यंत्रं कोणती हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. कायम पदं किती आहेत? त्या पदावरच्या माणसाला वनखातं, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तिन्ही खात्यांच्या हद्दीत परवानगीची वाट न बघता मृतदेहापर्यंत जाता येईल का? आणि ‘कारण निश्चित झालं नाही, पुढील तपास चालू आहे’ असा अहवाल त्याने लिहिला, तर तो जसाच्या तसा प्रसिद्ध होईल का?